ओन्नो पोपिंगाचं उत्तर

"प्रिंटरला शिव्या देऊ नकोस, हिल्का. त्याला ऐकू येतं. मग आणखीच अडून बसतो," ओन्नो माझ्या टेबलाखालून म्हणाला. बाहेर फक्त त्याचे बूट दिसत होते.

"बसू दे अडून! पंधरा वर्षं बसलेलाच आहे," दारात उभी राहून हिल्का म्हणाली. जन्म-मृत्यूची नोंदणी तिच्याकडे. तिच्या मते नगरपालिकेत मरण सोडून काहीच वेळेवर होत नाही. "माझ्या बहिणीच्या कचेरीत जाऊन बघ एकदा. बटण दाबलं की कागद बाहेर. आमच्याकडे बटण दाबलं की ओन्नो बाहेर."

"मग बरंय की. कागद कुठे तुझ्याशी गप्पा मारणार होता?"

हिल्काने कपाळाला हात लावला. ओन्नो मागे मागे सरकत बाहेर आला, एक हात टेबलावर टेकून उभा राहिला. एकसष्ट वर्षांचे गुडघे कटकन वाजले.

"वायर सैल झाली होती. लिनक्सचा काही दोष नाही," तो म्हणाला.

हे त्याचं ठरलेलं वाक्य. आमच्या हिलरझील नगरपालिकेतले कॉम्प्युटर लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालायचे, आणि पंधरा वर्षांत जे जे बिघडलं, त्याचा दोष लिनक्सचा. शाई संपली, लिनक्स. पासवर्ड विसरला, लिनक्स. एकदा जिन्यातला दिवा गेला तेव्हा कर विभागातला एक जण पायऱ्या चाचपडत म्हणाला होता, "आता हेही लिनक्सवर टाकलं की काय?" दर वेळी ओन्नो यायचा, बघायचा, आणि चूक कुणाची ते पुराव्यासकट सांगायचा. चूक खरोखरच लिनक्सची असली तर तेही सांगायचा, जरा पडलेल्या आवाजात, आपल्या पोराने शेजाऱ्याची काच फोडल्यासारखा. पण जी चूक त्याची नाही, ती त्याच्या नावावर त्याने कधी, कुणालाही, घालू दिली नव्हती. मोठ्या साहेबांनाही नाही.

खरं म्हणजे ओन्नो कॉम्प्युटरवाला नव्हेच. तो लागला इमारतीची देखभाल बघायला: बॉयलर, पन्हळी, गळके नळ, पायऱ्यांवरचा बर्फ. २००९ साली कचेरीतली सगळी यंत्रं एकदम म्हातारी झाली आणि नवी घेण्याची नगरपालिकेची ऐपत नव्हती, तेव्हा हा त्या वेळच्या नगराध्यक्षांसमोर जाऊन उभा राहिला. म्हणाला, "एक महिना द्या. हीच यंत्रं चालवून दाखवतो. आत घालायचं ते फुकट मिळतं. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलंय."

"फुकट? त्यांना काय मिळतं त्यातून?"

"वादळात समुद्राचा बांध फुटायला आला की आपण सगळे वाळूच्या गोण्या घेऊन धावतो. आपल्याला काय मिळतं?"

महिन्याभरात चौसष्ट यंत्रं चालू झाली. ओन्नोचा पगार मात्र देखभालवाल्याचाच राहिला, कारण त्याच्याकडे दाखवायला कसलंही प्रमाणपत्र नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी गावची डेअरी बंद पडली आणि मी इथे आले, तेव्हा पहिला आठवडा मीही डोकं धरून बसले होते. राज्य सरकारचे अर्ज आमच्याकडे उघडले की त्यातले तक्ते घसरायचे; सहीची जागा एकटीच तिसऱ्या पानावर जाऊन बसायची. ओळखपत्रासाठी बोटांचे ठसे घ्यायचं यंत्र लिनक्सशी बोलायलाच तयार नव्हतं, म्हणून कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत त्याच्यापुरता एक वेगळा, सगळ्या जगाकडे असतो तसला कॉम्प्युटर ठेवला होता. त्या खोलीला आम्ही मत्स्यालय म्हणायचो. व्हिडिओवरच्या बैठकीत आमचा आवाज पलीकडे जायचाच नाही, त्यामुळे जिल्ह्यात आमची फार समंजस माणसं म्हणून ख्याती झाली होती. आणि अपडेट झालं की काल डावीकडे असलेलं बटण आज कुठे गेलं ते शोधत बसायचं.

पण शेजारच्या गावची नगरपालिका एका मेलमधून आलेल्या व्हायरसमुळे सहा आठवडे बंद पडली, तिथले जन्मदाखले हाताने लिहायची वेळ आली, तेव्हा तीच मेल आमच्याकडेही आली होती. नऊ जणांनी ती उघडली, त्यातली हिल्का दोनदा, आणि आमच्याकडे काही म्हणजे काही झालं नाही. माझं वीस वर्षांचं यंत्र मी सकाळी कोट खुंटीला अडकवेपर्यंत तयार असायचं. आणि ते आमच्या बोलीत बोलायचं. प्लाट ही आमची घरातली भाषा. सरकारी कागदावर ती कधी चढली नाही. ओन्नोने चार हिवाळे बसून पडद्यावरचा एकेक शब्द प्लाटमध्ये भरला होता. इतरांकडे 'फाईल आढळली नाही' असं येतं. माझ्याकडे यायचं, 'शोधलं गं, नाहीच.'

त्याला बायको-संसार काही नव्हता. बांधाच्या कडेला घर, एक कुत्री, आणि पोर्तुगालमधला एक दातांचा डॉक्टर, ज्याला तो कधी भेटला नव्हता; पण आमच्या प्रिंटरचा एक बिघाड त्या डॉक्टरने तिकडे बसून सुधारून दिला होता, आणि तेव्हापासून दोघं एकमेकांना नाताळाचं कार्ड पाठवत.

तो शुक्रवार नोव्हेंबरातला होता. शाळेमागच्या लहान तलावाचं छप्पर दोन वर्षांपूर्वी खचलं, तेव्हापासून तलाव बंद. घराच्या खिडकीतून समुद्र दिसतो अशा गावातली आठ-आठ वर्षांची मुलं पोहायला शिकलेली नाहीत, हे कुणालाच बरं वाटत नव्हतं. छपरासाठी राज्याचं अनुदान मिळणार होतं आणि अर्ज मेलने पाठवायची ती शेवटची तारीख होती. अर्ज पाठवायचं काम माझं. बांधकामवाल्यांनी शेवटचा तक्ता दिला पावणेतीनला. तो चिकटवल्याबरोबर सगळी पानं घसरली. मी ओन्नोला हाक मारली.

"बघ, परत!" मी म्हणाले. "तुझ्या लाडक्याला तक्त्याचं काय वावडं आहे रे?"

"वावडं नाही. तिकडचा प्रोग्राम विकणारी माणसं आपलं कुलूप कुणाला दाखवत नाहीत, आणि आपण अंदाजाने किल्ली घासतो." तो वाकून माऊस हलवत होता. "घे. बसला. आता पाठव."

तो गेला आणि हिल्का चहाचा ट्रे घेऊन आली. तीन वाजले होते. आमच्याकडे चहा म्हणजे कामातली सुटी नव्हे. काम ही दोन चहांमधली सुटी. पातळ कप, तळाशी खडीसाखर, वर चमच्याने कडेकडेने सोडलेली साय, आणि ती ढवळायची नाही. त्या वेळी मेलचं टिंगटिंग मला सोसायचं नाही, म्हणून पाच वर्षांपूर्वी ओन्नोनेच मला पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातलं एक बारीक चिन्ह दाखवलं होतं. "हे दाबलं की तार तुटली. काही यायचं नाही, काही जायचं नाही. चहा झाला की परत दाब." तीनला दाबायचं, साडेतीनला दाबायचं. बोटाला इतकी सवय झाली होती की मला विचारायलाही बोट थांबत नसे.

त्या दिवशी हिल्काने ट्रे ठेवला, माझ्या बोटाने सवयीने ते चिन्ह दाबलं, आणि मग मी अर्ज जोडून 'पाठव' म्हटलं. पडद्यावरची खिडकी नेहमीसारखी मिटली. मी खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "सुटले." दुसरा कप ओतत होते तेवढ्यात घरून फोन आला. गेर्ड, माझा नवरा, त्याच्या फुप्फुसांनी चार वर्षांपूर्वीच संप पुकारलाय. ऑक्सिजनच्या यंत्राचा तांबडा दिवा लागला होता. मी कॉम्प्युटर बंद केला, कोट घातला आणि पळाले.

सोमवारी सकाळी पडद्यावर ओळ आली: 'एक पत्र अजून इथेच आहे. आता धाडू का?'

मी 'हो' दाबलं. दुसरं काय दाबणार?

मंगळवारी उत्तर आलं. अर्ज मुदतीनंतर पोचल्यामुळे विचारात घेता येत नाही.

आमचे नगराध्यक्ष बेरेंड्स माझ्या खोलीत आले. चाळिशीचा माणूस, बाहेरगावचा, आवाज चढवणं ठाऊक नाही. निवडून आल्यापासून त्यांचं एकच म्हणणं होतं, की आपण जगापेक्षा वेगळं काही वापरायला नको. त्यांनी विचारलं, "तोम्मा, तुम्ही अर्ज शुक्रवारीच पाठवलात ना?"

वसंतात मी बांधावरचा रस्ता बंद असल्याच्या सूचनेत तारीख चुकवली होती. बाजाराच्या दिवशी कोळंबीचे ट्रक दोन तास अडकले आणि मला मेमो मिळाला. दुसरा मेमो म्हणजे घरी. सत्तावन्नाव्या वर्षी, या गावात, गेर्डच्या नळ्यांसकट.

"हो," मी म्हणाले. "शुक्रवारीच."

"मग तो गेला कसा नाही?"

मी गप्प राहिले. त्यांनी माझ्या म्हाताऱ्या यंत्राकडे पाहिलं, त्याच्या पिवळ्या पडलेल्या कडांकडे, आणि हळूच म्हणाले, "कळलं." मी फक्त गप्प राहिले होते. खोटं बोलण्यापेक्षा ते किती सोपं असतं!

उद्याच्या नगरपालिका समितीच्या बैठकीत ओन्नोने काय झालं ते सांगावं, असं त्यांनी त्याला कळवलं.

संध्याकाळी चारच्या सुमाराला ओन्नो माझ्याकडे आला. हातात एकच कागद. दार लावून घेतलं. कचेरीतली प्रत्येक मेल कधी आली, कधी गेली, कुणी काय दाबलं, ते यंत्र स्वतःच लिहून ठेवतं, आणि ते वाचता येणारा गावात एकच माणूस होता.

"पंधरा शून्य दोनला तार तुटली," तो म्हणाला. "पंधरा शून्य चारला पत्र. पंधरा एकवीसला यंत्र बंद."

मी मान खाली घातली.

"चहा," तो म्हणाला.

"चहा."

मग मी म्हणाले, "मी सांगते त्यांना. उद्या बैठकीतच सांगते. तुझ्यावर कशाला?"

"गेर्ड कसा आहे?"

"ओन्नो, मी काय म्हणतेय?"

"ऐकलं. गेर्ड कसा आहे?"

"नवीन यंत्र आणलंय. हे जरा आवाज कमी करतं."

"बरं झालं," तो म्हणाला. कागदाची घडी घातली, पुन्हा घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली. दाराशी थांबून म्हणाला, "ते चिन्ह मी फार बारीक ठेवलं. मोठं, लाल करायला हवं होतं. ती चूक माझी."

तोवर तेवढी एकच चूक त्याने पुराव्याशिवाय मान्य केली होती.

बुधवारी समितीचे अकरा जण लांब टेबलाभोवती बसले होते. इतिवृत्त लिहायला मी. नेहमी मीच असते. रात्रभर मी वाक्य जुळवलं होतं, 'सभापतीबाई, मला थोडं बोलायचं आहे', आणि आता ते जिभेवर तयार ठेवून बसले होते. सभापती फ्राउ आइलर्स, कोळंबीच्या बोटीच्या मालकीणबाई, ओन्नोला पोरवयापासून ओळखणाऱ्या.

"ओन्नो, साध्या शब्दांत सांग बाबा. आम्हाला तुझी यंत्रभाषा कळत नाही. अर्ज कुठे अडकला?"

ओन्नो उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. खिसा सपाट होता.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"अर्ज आपल्या यंत्रणेत अडकला," तो म्हणाला. "शुक्रवारी पाठवला होता. सोमवारपर्यंत आतच राहिला."

"म्हणजे लिनक्सचा दोष?" बेरेंड्सनी विचारलं. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, हे सांगायला हवं.

टेबलावरच्या पाण्याच्या बाटल्यांकडे बघत तो उभा राहिला. कर विभागाचा तो दिव्याचा विनोद करणारा माणूस कोपऱ्यात बसला होता. तोसुद्धा हसला नाही.

"हो," ओन्नो म्हणाला. "लिनक्सचा दोष."

"पुन्हा असं होऊ शकतं?"

"सांगता येत नाही."

फ्राउ आइलर्सनी चष्मा काढला. "अरे, पंधरा वर्षं तू आम्हाला याच टेबलाशी सांगत आलास, की—"

"सांगत होतो," ओन्नो म्हणाला.

माझी बोटं थांबली होती. तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि अगदी रोजच्या आवाजात विचारलं, "तोम्मा, लिहून घेतलंस ना? की परत सांगू?"

"घेतलं," मी म्हणाले. आणि मग लिहिलं. तारीख, वेळ, नाव, आणि पुढे, 'श्री. पोपिंगा यांनी यंत्रणेतील दोष मान्य केला.' त्यानेच चालू केलेल्या यंत्रावर. जिभेवरचं वाक्य मी गिळलं. ते कुठे गेलं कोण जाणे, अजून पचलेलं नाही.

लिनक्स काढून सगळं जग वापरतं ते घ्यायचं, यावर मतदान झालं. आठ विरुद्ध तीन. विरोधातल्या तिघांपैकी एक फ्राउ आइलर्स.

मे महिन्यात नवी यंत्रं आली, काळी, पातळ, बिनआवाजाची. जुनी चौसष्ट यंत्रं ओन्नोने एकेक करून स्वतः पुसली, आतलं सगळं, आपले चार हिवाळेही. त्याला मदत करायला कुणाला तरी पाठवतो, असं बेरेंड्स म्हणाले होते. तो म्हणाला, नको, मला ठाऊक आहे कुठे काय आहे. शेवटच्या दिवशी त्याला फुलं आणि धुरावलेल्या सॉसेजची टोपली मिळाली. हिल्का त्या दिवशी स्वच्छतागृहात जाऊन रडली आणि बाहेर येऊन म्हणाली, "आत्ता कुठे मला ते जमायला लागलं होतं."

ओन्नो इमारतीच्या देखभालीवर परत गेला. पगार तोच, त्यामुळे कागदोपत्री त्याचं काहीच बदललं नाही. मला कुणी काही विचारलं नाही. मुलं बसने पलीकडच्या गावी पोहायला जातात. गेर्ड आहे.

ऑक्टोबरात हीटर चालू झाले, तेव्हा माझ्या खोलीतला गरम पाण्याचा हीटर वरच्या बाजूने गारच राहू लागला, आत हवा अडकली की राहतो तसा. त्याच सकाळी पडद्यावर मध्येच एक चक्र फिरू लागलं आणि फिरतच राहिलं. आता बिघाडासाठी एक क्रमांक दिलेला आहे. मी तो फिरवला. संगीत सुरू झालं. मग एक बाई प्रसन्न आवाजात म्हणाली, "आपण रांगेत सातवे आहात."

दार वाजवून ओन्नो आत आला. हातात पितळी चावी, फडकं आणि कान तुटलेला एक कप.

"मोइन, तोम्मा. हवा अडकलीय असं ऐकलं."

"मोइन."

तो हीटरशी गुडघ्यावर बसला. तिथून माझा पडदा त्याला सरळ दिसत होता. त्याने पाहिला, क्षणभर. मग चावी खाचेत बसवली.

"ओन्नो, बघतोस का जरा?" मी विचारलं.

"मला हात लावायची परवानगी नाही गं," तो म्हणाला. रागाने नाही. आज दुकान बंद आहे म्हणावं तसं.

चावी फिरली आणि हवा सुसू करत बाहेर यायला लागली. माझ्या कानाशी संगीत चालूच होतं. मी फोन टेबलावर ठेवला.

"ओन्नो, त्या बुधवारी मी बोलणार होते. देवाशप्पथ, मी—"

"बाजूला हो. पाणी उडेल, गरम असतं."

मी बाजूला झाले. हवा थांबली, मग काळपट पाण्याचे थेंब कपात पडू लागले, मग धार. त्याने चावी आवळली, जमिनीवर सांडलेले दोन थेंब फडक्याने टिपले, आणि हीटरच्या वरच्या कडेवर उघडा तळवा ठेवला. तो तसाच बसून राहिला, ताप पाहायला कपाळावर हात ठेवावा तसा.

"ऊब येतेय," तो म्हणाला. "आली वरपर्यंत."

"आपण रांगेत सहावे आहात," टेबलावरून बाई म्हणाली.

ओन्नोने काठोकाठ भरलेला कप दोन्ही हातांत धरला, सांडू नये म्हणून हळूहळू उठला, आणि कोपराने दार ढकलून बाहेर गेला.